आपल्या पश्चिमेचा डोंगर

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा संपादित पाठ)



या व्याख्यानमालेत साहित्य, नाटक आणि इतिहास या विषयांवर अधिकारी मंडळी बोलून गेली. त्यांच्या पंक्तीला माझ्यासारख्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षकाला बसवले, हा पदाधिकाऱ्यांचा मोठेपणा आहे. विषय निवडण्याचे कामही त्यांनी माझ्यावरच सोपवले. मी फार दूर गेलो नाही. कॅम्पातून थोडे पश्चिमेला मोकळ्यावर आले आणि पावसानंतर आभाळ निवळलेले असले, की क्षितिजावर एक निळी रेघ दिसते. वैजनाथ-महिपाळगडाचा डोंगर आणि दक्षिणेकडे जांबोटी, कणकुंबी, भीमगडापर्यंत पसरत गेलेली सह्याद्रीची रांग, ती ही रेघ होय. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

आपण या डोंगराला जवळचा मानतो. सकाळी न्याहरी करून निघालेला माणूस कणकुंबीला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. आंबोली सत्तरेक किलोमीटरवर. चोर्ल्याचा घाट त्याहून जवळ. चंदगडचे किल्ले, तिलारीचा घाट, जांबोटीजवळचा वज्रपोहा धबधबा, हे सारे एका दिवसाच्या आवाक्यातले. इतका सुगम डोंगर फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतो. पण तो सुगम का आहे आणि कोणाला सुगम आहे, हे दोन प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोल देतो. दुसऱ्याचे उत्तर मला एका पावसाळ्यात मिळाले. ते शेवटी सांगेन.

सह्याद्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे काळे कडे येतात. सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. आपल्या बाजूला मात्र रांगेचा माथा बहुतेक ठिकाणी ८०० ते १००० मीटरच्या दरम्यानच राहतो. त्यातही गंमत अशी की खुद्द बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे. म्हणजे आपण आधीच डोंगराच्या खांद्यावर बसलेलो आहोत, चढायचे उरते ते दोनशे-अडीचशे मीटर. गोव्यातून वा तळकोकणातून येणाऱ्याला हाच डोंगर पायथ्यापासून पुरता चढावा लागतो. आपल्याला तो चढावाच लागत नाही. माळ, भातखाचरे, मग झाडी, मग दाट झाडी, असे करीत आपण नकळत माथ्यावर पोचतो आणि एका वळणावर पायाखालची जमीन एकदम संपते. खाली कोकण दिसते. पूर्वेकडून पाहिले तर हा डोंगर म्हणजे पठाराची कड आहे, आणि पश्चिमेकडून पाहिले तर ती भिंत आहे.

दगडाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याची दक्षिणेकडील सीमा आपल्या परिसरात येते. इथे ते थर पातळ होत जातात. खानापूरच्या दक्षिणेला त्याहून कितीतरी प्राचीन अशा धारवाडी खडकांचा प्रदेश लागतो, आणि पूर्वेला गोकाककडे कलादगीचा वालुकाश्म उघडा पडतो. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो, तो याच कठीण वालुकाश्माच्या कड्यावरून. माथ्यावर ठिकठिकाणी जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. उन्हाळ्यात ते भाजून निघतात, आणि पावसाळा सरता सरता इवल्या फुलांनी असे भरतात की पाऊल कुठे टाकावे हा प्रश्न पडतो. राजगड-रायगडासारखे रौद्र रूप आपल्या डोंगराला नाही. त्याचे रूप गोलाईचे आणि झाडीचे आहे, याचे कारण बऱ्याच अंशी या दगडांत आहे.

आता पाण्याकडे वळू. या डोंगराचे खरे महत्त्व पाण्यात आहे.

आंबोलीला वर्षाकाठी सातशे सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेळगावात सुमारे एकशे तीस. गोकाक-सौंदत्तीकडे तो साठच्या आसपास येतो. जेमतेम दीडशे किलोमीटरच्या अंतरात पावसाची अशी उतरंड आहे. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाला जगवण्याचे काम या रांगेतून निघालेल्या नद्या करतात. आंबोलीत हिरण्यकेशी उगम पावते. तिच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाला शास्त्रज्ञांनी २०२० साली हिरण्यकेशीचेच नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी त्या स्थळाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. चंदगडच्या खोऱ्यातून ताम्रपर्णी येते. घटप्रभा या दोघींना पोटात घेते आणि २८३ किलोमीटर वाहून कृष्णेला मिळते. बैलूरच्या डोंगरातून मार्कंडेय येते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती खानापूरवरून पुढे सौंदत्ती, पट्टदकल, ऐहोळे अशी तीनशेवर किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत विलीन होते. भीमगडाच्या रानातली म्हादई मात्र पाठ फिरवते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते.

कणकुंबी हे गाव या साऱ्या गोष्टीची गुरुकिल्ली आहे. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. पण मलप्रभेच्या उगमात पडलेला थेंब त्या समुद्राकडे पाठ करून शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो आणि बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो. त्याच गावाच्या दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब कळसा नाल्यातून म्हादईत जातो आणि अरबी समुद्र गाठतो. दोहोंमधली जलविभाजकाची धार, म्हणजे ज्या उंचवट्यावरून पाणी दोन बाजूंना वाटले जाते ती रेषा, इतकी बुटकी आहे की नवख्या माणसाला ती दिसतही नाही. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे प्रथम गेलो, तेव्हा एका घराच्या पडवीत आम्ही पावसासाठी थांबलो होतो. मी फळ्यावर काढावी तशी ती रेषा हवेत बोटाने काढून दाखवीत होतो. घरमालक काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "गुर्जी, इतकं लांब कशाला जाताय? आमच्या पुढच्या पागोळीचं पाणी मलप्रभेला जातं, मागच्या पागोळीचं कळशाला." त्या वाक्याने माझा पुढचा अर्धा तास वाचला, आणि माझे विद्यार्थी जलविभाजक म्हणजे काय ते जन्मात विसरले नाहीत.

या ठिकाणी थोडे परदेशी जाऊन येऊ. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतल्यावर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. आपला कॅम्प तो हाच. त्या गोऱ्या पलटणींत स्कॉटलंडचे शिपाईही असत. त्यांच्या देशात ग्लासगो शहरापासून साठेक किलोमीटरवर ॲरोकर नावाचे गाव आहे आणि त्याच्याभोवती एक डोंगररांग आहे. ग्लासगोच्या कामगारवस्तीतली माणसे रविवारी तिथे डोंगर चढायला जात आली आहेत. तीही अशीच सुगम रांग. तिच्यातले एक प्रसिद्ध शिखर ८८४ मीटरचे, म्हणजे आपल्या घाटमाथ्याएवढेच. तिथे दरीला ग्लेन म्हणतात. सरोवराला आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याला लॉख म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्यांनी कोरलेली ती खोरी आहेत. ॲरोकर ज्या लॉखच्या टोकाला आहे ते खाऱ्या पाण्याचे, आणि दोन-अडीच किलोमीटरवर पलीकडे लॉख लोमंड आहे ते गोड्या पाण्याचे. १२६३ साली नॉर्वेच्या राजाच्या आरमाराने आपल्या नौका त्या बुटक्या खिंडीतून जमिनीवरून ओढून पलीकडच्या सरोवरात उतरवल्या आणि काठावरची गावे लुटली, असे इतिहास सांगतो.

हे मी सांगतो ते अशासाठी की डोंगराची धार बुटकी असली की माणसाला ती ओलांडण्याचा मोह होतोच. तिथे नौका ओलांडल्या. आपल्याकडे कणकुंबीला पाणी ओलांडण्याचा प्रश्न आहे. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे, म्हणजे हुबळी-धारवाडकडच्या तहानलेल्या गावांना ते मिळेल, ही कर्नाटकाची मागणी. म्हादई आटली तर मांडवीकाठची शेती, अरण्य आणि पिण्याचे पाणी धोक्यात येईल, ही गोव्याची भीती. त्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाण्याचा वाटा दिला, आणि त्यातील ३.९ टीएमसी या दोन नाल्यांतून वळवण्यास मान्यता दिली. तिन्ही राज्ये त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेली. न्याय कोणाच्या बाजूने आहे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. दोन्हीकडची तहान खरी आहे, एवढे मी म्हणेन. आणि हेही म्हणेन, की ज्या गावाच्या पागोळ्यांवरून हा वाद चालला आहे, त्या गावाचे नाव या वादात सर्वांत कमी वेळा घेतले जाते.

आपल्या डोंगरात हिमनद्यांची सरोवरे नाहीत. आपली तळी माणसाने बांधलेली आहेत. मार्कंडेयेवरचा राकसकोप जलाशय बेळगावला पाणी पाजतो. तो राज्याच्या सीमेला लागून आहे. घटप्रभेवरचा हिडकलचा राजा लखमगौडा जलाशय ५१ टीएमसीचा. तिलारीचे धरण महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधले. या तळ्यांच्या काठी उभे राहिले की मन प्रसन्न होते, यात शंका नाही. तथापि त्यांच्या तळाशी गावे आहेत. हिडकलच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर्षाचे बरेच महिने बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते आणि लोक दर्शनाला जातात. एखादे देऊळ आठवण राहावी म्हणून वर येते. घरे, आंबे, विहिरी मात्र वर येत नाहीत.

सीमेचा उल्लेख ओघाने आलाच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा अलीकडे राहिला. त्या जखमेविषयी या व्यासपीठावर माझ्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत. मी केवळ नकाशाचा माणूस. नकाशा असे सांगतो की ही सीमा कोणत्याही डोंगराच्या धारेवरून सरळ गेलेली नाही. चंदगडचा पाऊस ताम्रपर्णीतून हिडकलला येतो. महिपाळगड महाराष्ट्रात, पण त्याच्या पायथ्याच्या गावांचा बाजार, दवाखाना आणि मुलांचे कॉलेज बेळगावात. निपाणीकरांच्या वेदगंगा-दूधगंगाही कोल्हापूरच्या डोंगरातून येतात. पाण्याचा आणि माणसांचा उतार अजून जुन्याच वाटेने आहे.

आता रस्ते. हा डोंगर सुगम झाला तो निसर्गाने जितका, तितकाच रस्त्यांनी. रामघाट ही कोकणातून वर येणारी जुनी वाट. वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीला माणसे व माल आणण्यासाठी इंग्रजांनी आंबोलीचा रस्ता सुधारला. तिलारीचा घाटरस्ता वीजप्रकल्पाच्या निमित्ताने झाला. स्कॉटलंडच्या त्या रांगेतही पहिला पक्का रस्ता अठराव्या शतकात शिपायांनीच बांधला आणि खिंडीच्या माथ्यावर, इथे विसावा घ्या आणि कृतज्ञ राहा, अशा अर्थाचा दगड बसवला. तिथेही १९५० साली डोंगरातल्या एका लॉखवर वीजकेंद्र सुरू झाले, आणि तिथलाही तो रस्ता आज वरचेवर दरडींनी बंद पडतो. साम्य इतके आहे. फरक एका गोष्टीत आहे. तिथे २००३ च्या कायद्याने कोणालाही डोंगरावर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिला, पण जबाबदारीने वागण्याची अट त्या हक्काच्या पोटातच घातली. आपल्याकडे हक्क आपण गृहीत धरला आहे. अटीचे काय, ते पावसाळ्यातल्या रविवारी चोर्ल्याच्या घाटात बाटल्यांचे ढीग पाहून समजते. अलीकडच्या पावसाळ्यांत खानापूरच्या जंगलातील धबधब्यांवर जाण्यास वनखात्याला बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे.

आता दुसरा प्रश्न. हा डोंगर कोणाला सुगम आहे?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची सहल जांबोटीच्या पलीकडे गेली होती. बस सडकेवर सोडून आम्ही रानातल्या एका वाडीपर्यंत चालत गेलो. जुलै महिना, पायवाट चिखलाची, दोन ओढ्यांवर नुसते ओंडके टाकलेले. मुले आनंदात होती. परत येताना समोरून नव्हे, मागून हाका आल्या. वाट द्या, वाट द्या. चार माणसे खांद्यावर बांबू घेऊन झपाझप येत होती. बांबूला घोंगडीची झोळी बांधलेली, झोळीत एक बाळंतीण. मागून तिची सासू, डोक्यावर खोळ, हातात कंदील. सकाळपासून ते तिला घेऊन निघाले होते. सडकेवर एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढे चालत जायचे. आम्ही बांधावर चढून वाट दिली. सडकेला पोचल्यावर आमच्या बसमध्ये त्यांना बसवले आणि खानापूरला पाठवले. चाळीस मुले आणि मी दोन तास झाडाखाली पावसात थांबलो. कोणीही तक्रार केली नाही. एका मुलाने मात्र विचारले, "सर, आपण पुस्तकात शिकलो की हा सुगम प्रदेश आहे, तो हाच ना?"

मला उत्तर देता आले नाही. पंधरा दिवसांनी त्या वाडीतून एक पोस्टकार्ड आले. बाई आणि मूल दोघेही सुखरूप होती. ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती तर बरे झाले असते. २०११ साली भीमगडचे १९० चौरस किलोमीटरचे रान अभयारण्य झाले. ते व्हायलाच हवे होते. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनच्या वटवाघळाची वस्ती आहे. कित्येक दशके जगाला ही जात केवळ याच गुहांतून ठाऊक होती. त्यानंतरच्याच वर्षी पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्या रानात माणसांच्याही वस्त्या आहेत. रस्ता झाला तर रान तुटते, रस्ता नाही झाला तर माणूस वाटेत मरतो. गाव सोडून खाली यावे तर जमीन, देवराई आणि नाचणीचे शेत मागे राहते. आजही एक-दोन पावसाळ्यांआड झोळीतून आणलेल्या रुग्णाची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या वस्त्यांतून आपले अंतर नकाशावर तितकेच आहे जितके त्यांच्यापासून आपले. पण आपल्याला ते एका तासाचे आहे आणि त्यांना एका दिवसाचे.

माझे सांगणे एवढेच आहे की या डोंगराचे पाणी विनासायास आपल्या नळापर्यंत येते, आणि आपणही विनासायास त्याच्या माथ्यापर्यंत जातो. या दोन्ही सोयींचा काही देणेपणा आपल्याकडे लागतो. रस्ता, पूल, पायवाट, स्थलांतर, पाणी वळवणे, यांतले काय करावे हे ठरवण्याआधी तिथल्या माणसाला विचारले पाहिजे, आणि विचारण्यासाठी आधी तो डोंगर आणि ती माणसे नावानिशी माहीत पाहिजेत.

म्हणून या वाचनालयाला एक विनंती करून थांबतो. १८८४ साली मुंबई सरकारने बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात या डोंगराविषयी पुष्कळ माहिती आहे. पण ती परक्या राज्यकर्त्याच्या उपयोगाची माहिती आहे. आपल्या लोकांनी आपल्यासाठी केलेली नोंद अजून व्हायची आहे. प्रत्येक ओढ्याचे, झऱ्याचे, खिंडीचे, सड्याचे, देवराईचे तिथले लोक घेतात ते नाव. पावसाळ्यात कोणती वाट बंद होते, कोणत्या ओढ्यावर ओंडका आहे आणि कोणत्या वस्तीपासून सडक किती तासांवर आहे. हे सारे एका वहीत यावे. शाळा-कॉलेजांतील मुलांनी सुट्टीत जाऊन ते टिपावे, तिथल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे, चूक असेल तर दुरुस्त करावे, आणि ती वही इथे कपाटात ठेवावी. शंभर वर्षे ज्या संस्थेने पुस्तके जपली, तिला एक वही जड नाही. त्या वहीची पहिली पाने म्हणून माझ्या सहलींची टिपणे आणि ते पोस्टकार्ड मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे.